कांटा कोणाच्या हातीं?

परवां लोणारास जाण्याचा योग आला असतां तेथील एका चहाच्या हॉटेलांत दोन तरुणांचा वाद आमच्या कानीं पडला. दोघेही शेतकऱ्यांचे मुलगे, दोघेही कॉलेजांत शिकलेले. एकाचें म्हणणें असें कीं, सरकारनें सर्व धंद्यांतून अंग काढून घ्यावें व बाजार मोकळा सोडावा, म्हणजे अमेरिकेसारखी सुबत्ता येथें नांदूं लागेल. दुसऱ्याचें म्हणणें असें कीं, जमिनी, गिरण्या, दुकानें सर्व समाजाच्या मालकीचीं करावीं, म्हणजे कोणी उपाशी राहणार नाहीं. भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद असे जड जड शब्द चहाच्या घोटागणिक उडत होते. शेजारच्या बाकावर एक वृद्ध शेतकरी बसले होते. त्यांच्या मांडीवर नमुन्याच्या सोयाबीनची थैली होती. बराच वेळ ऐकून झाल्यावर त्यांनीं त्या दोघां शिकलेल्यांस विचारलें, “बाबू, सकाऊन एका दुकानात यंत्र लावलं त ओल तेरा निघाली. दुपारून दुसऱ्या दुकानात लावलं त सोळा. माल तोच, थैली तेच. मंग याच्यातलं खरं यंत्र कोनतं?”

दोघेही गप्प बसले. खरें सांगावयाचें तर आम्हीही गप्प बसलों. पण घरीं येईपर्यंत तो प्रश्न आमच्या डोक्यांतून गेला नाहीं, व विचार करितां करितां आम्हांस असें वाटूं लागलें कीं, जगांतील सर्व अर्थपद्धतींची परीक्षा घेण्यास त्या म्हाताऱ्याची थैली पुरेशी आहे. पद्धतीचें नांव काय, हें आम्हांस विचारावयाचें नाहीं. आम्हांस तीनच गोष्टी विचारावयाच्या आहेत. मालाचें माप कोण करतो? भाव कोण ठरवितो? आणि हिशेब चुकला तर नुकसान कोणाच्या पदरीं पडतें? हे तीन प्रश्न बरोबर घेऊन आम्ही आज आमच्या वाचकांस जगाची एक फेरी करवून आणणार आहों. सुरवात मात्र घरापासूनच करूं.

लोणारचें तळें उल्केच्या आघातानें झालें म्हणून आज तें जगास ठाऊक आहे. २०२० सालच्या जून महिन्यांत त्याचें पाणी गुलाबी झालें तेव्हां त्याचीं चित्रें देशोदेशीं गेलीं, व त्याच वर्षीं रामसर यादींत त्याची नोंद झाली. परंतु आमच्या पूर्वजांस हें तळें माहीत होतें तें खारासाठीं. अकबर बादशहाच्या ऐने-अकबरी ग्रंथांतही, ह्या भागांत कांच व साबण करण्याचे पदार्थ निघतात आणि त्यांवरील करापासून सरकारास चांगलें उत्पन्न होतें, असें नमूद आहे. उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजे कांठाला खार धरे. तो काढून, वाळवून बाहेरगांवीं जाई. असल्या उत्पन्नाची त्या काळची रीत इजाऱ्याची. इजारदारानें सरकारास ठराविक रक्कम भरावी आणि उरलेलें आपल्या घरीं न्यावें. आतां सांगा, ह्या व्यवहारांत चिखलांत उभें राहून खार काढणाराच्या हातीं रोजच्या मजुरीपलीकडे काय पडणार? तळें देवाचें, उत्पन्न बादशहाचें, नफा इजारदाराचा, आणि पायाच्या भेगा तेवढ्या मजुराच्या.

दुसरी आपली जुनी पद्धत बलुत्याची. हिच्यांत रोकड फारशी नव्हती. सुतारानें औतें नीट करावीं, लोहारानें फाळ पाजवावा, कुंभारानें मडकीं द्यावीं, चांभारानें मोट शिवावी, महार-मांगांनीं गांवकीचीं कामें करावीं, आणि सुगींत प्रत्येकानें खळ्यावर येऊन आपला वांटा मागावा. त्या काळीं गांव आपल्या पायांवर उभा होता व कोणी बेकार नव्हता, असें पुष्कळ पंडित लिहितात. असेल. पण खळ्यावर पायली कोणाच्या हातीं होती? शेतकऱ्याच्या. वर्षभर राबलेला कारागीर खळ्याच्या कडेला उभा राही, आणि माप शीग लावून भरावें कीं हात फिरवून सपाट करावें, हें कुणब्याच्या मर्जीवर असे. अस्पृश्य बलुतेदाराच्या वांट्याला तर पुष्कळदां खालचें मातेरें येई. आमचे बहुतेक वाचक शेतकरी आहेत, त्यांस हें वाचून बरें वाटणार नाहीं. पण दुसऱ्याचा कांटा तपासावयास निघण्यापूर्वीं आपल्या हातांतलें माप दाखवावें, हाच न्याय होय. ह्या गोष्टीकडे आम्ही शेवटीं पुन्हां येणार आहों.

सन १८५३ सालीं निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केला. इंग्रजांची पद्धत मोकळ्या व्यापाराची. जमीन रयतेच्या नांवावर, सारा रोख, आणि माल ज्यानें त्यानें वाटेल तेथें विकावा. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें होतें. तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास न भूतो असा भाव आला. लोकांनीं ज्वारी मोडून कापूस पेरला व वाढत्या भावाच्या भरवशावर कर्जें काढलीं. युद्ध संपलें, भाव खालीं आला. सारा व कर्ज मात्र खालीं आलें नाहीं.

ह्याच काळांत आमच्या जिल्ह्यांतलें खामगांव कापसाची मोठी पेठ म्हणून गाजूं लागलें. १८७० सालीं तेथें रेल्वेचा फांटा आला. तो उघडावयास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. त्या सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडचा कापूस-कमिशनर रिव्हेट-कार्नाक नांवाचा साहेब होता. त्यानें आपल्या सरकारी अहवालांत आपला हेतु लपविला नाहीं. रेल्वे झाली म्हणजे विलायती कापड येथील कापडाहून स्वस्त विकतां येईल. मग येथें सुतासाठीं खपणारा कापूस परदेशीं पाठवितां येईल. आणि कातण्या-विणण्यांत गुंतलेले लोक शेतमजुरीकरितां मोकळे होतील, अशी आशा त्यानें लिहून ठेविली. साहेबाची आशा पुष्कळ अंशीं फळास आली. कोष्टी, साळी, मोमीन, पिंजारी यांच्या घरचे माग व धनुकल्या बसल्या आणि तीं माणसें विळे घेऊन दुसऱ्याच्या बांधावर उभीं राहिलीं. बाजार मोकळा झाला तो असा. आमच्या कारागीर बंधूंच्या आजे-पणज्यांस त्यानें धंद्यापासूनच मोकळें केलें!

पुढें १८९७ सालीं वऱ्हाडांत कापूस व धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील असल्या पहिल्या कायद्यांत त्याची गणना होते. बाजाराची जागा ठरली, वजनें ठरलीं, दलाली ठरली. हें काम चांगलें होतें. पण बाजाराच्या कमिटीवर वजन होतें तें व्यापाऱ्यांचें. शेतकऱ्याची गाडी बाजारांत आली, शेतकऱ्याचा हात मात्र कांट्यापर्यंत पोंचला नाहीं.

आतां त्या दुसऱ्या तरुणाच्या स्वप्नाकडे वळूं. रशियांत १९१७ सालीं क्रांति झाली, जमीनदार गेले व शेतकऱ्यांनीं जमिनी वांटून घेतल्या. येथवर सर्व ठीक होतें. परंतु १९२९ पासून स्टालिनच्या सरकारनें त्या जमिनी सामुदायिक शेतांत घालण्याची सक्ती केली. कागदावर शेत सर्वांचें. धान्य किती घालावें आणि तें काय दरानें, हें मात्र वरून ठरे. १९३२ व १९३३ सालीं युक्रेन, कझाकस्तान वगैरे मुलुखांत सरकारी हिस्सा म्हणून कणग्या झाडून नेल्या, आणि ज्यांनीं तें धान्य पिकविलें तेच लक्षावधि लोक अन्नावांचून मेले. त्या राज्यानें अक्षरशत्रु प्रजेस वाचावयास शिकविलें, कारखाने व दवाखाने उभारले, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण जेथें माप करणारा, भाव ठरविणारा आणि तक्रार ऐकणारा एकच असतो, तेथें रयतेनें दाद मागावी कोणापाशीं?

त्याच साम्राज्यांत उझबेकिस्तान नांवाचा कापसाचा मुलुख होता. तेथें अमू व सीर ह्या दोन मोठ्या नद्यांचें पाणी कापसाकडे वळविलें, आणि १९६० नंतर अरल समुद्र डोळ्यांदेखत आटत गेला. १९९१ सालीं सोव्हिएट संघ मोडला. लाल निशाण उतरलें, साम्यवादाचें नांवही गेलें. आमच्या वाचकांस वाटेल, तेथील शेतकरी सुटला. पण सरकार सांगेल तितका कापूस सरकार म्हणेल त्या भावानें घालण्याचा कोटा तसाच राहिला, आणि वेंचणीच्या दिवसांत शाळेचीं पोरें, मास्तर, डॉक्टर यांसही शेतांत धाडण्यांत येई. कोट्याची पद्धत २०२० सालीं बंद झाली, व २०२१ च्या हंगामांत ती सरकारी वेठ थांबल्याचें आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें सांगितलें. म्हणजे दुकानावरची पाटी बदलल्यावरही जुना कांटा पुढें तीस वर्षें चालला. नांवांवर भांडणाऱ्या आमच्या तरुणांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

चीनमध्यें १९५८ सालीं शेतकऱ्यांचीं शेतें एकत्र करून कम्यून स्थापन झालीं. वरच्या अधिकाऱ्यांस खूष करण्याकरितां खालच्यांनीं खोटे उतारे लिहिले, त्या खोट्या उताऱ्यांवर सरकारी हिस्सा कापला गेला, आणि १९५९ ते १९६१ च्या दुष्काळांत कोट्यवधि माणसें मेलीं. पुढें १९७८ सालीं अनह्वेइ प्रांतांतील शियाओगांग ह्या लहानशा गांवांत अठरा शेतकरी रात्रीं एका घरांत जमले. त्यांनीं एका कागदावर करार लिहिला: शेतें घरोघर वांटून घ्यावीं, सरकारचा हिस्सा आधीं भरावा, उरेल तें ज्याचें त्याचें. हें कृत्य गुन्ह्यांत मोडणारें होतें. म्हणून कोणी तुरुंगांत गेला तर त्याचीं मुलें बाकीच्यांनीं वाढवावीं, असेंही त्यांनीं ठरविलें आणि खालीं अंगठे उमटविले. पुढल्याच हंगामांत त्या गांवांत धान्य ठेवावयास जागा पुरेना. सरकारनें शिक्षा न करितां तीच रीत देशभर लागू केली व कांहीं वर्षांतच कम्यून मोडलीं. वाचकहो, अंगठ्याची गोष्ट आम्हांसही नवी नाहीं. आमच्या बापजाद्यांनीं आपला अंगठा सावकाराच्या कागदावर उमटविला. त्या अठरा जणांनीं तो एकमेकांच्या भरवशावर उमटविला. दोहोंत अंतर आहे तें एवढेंच, पण केवढें!

मग अमेरिकेंत तरी बाजार मोकळा आहे काय? त्या देशांत शेंकडा दोन माणसेंही शेती करीत नाहींत, तरी त्यांच्याकरितां १९३३ पासून सरकारी मदतीचे कायदे आहेत. कापूस पिकविणाऱ्यास तेथील सरकार इतकी मदत देत आलें कीं, भाव पडला तरी तो पेरीतच राही, आणि त्याच्या मालानें जगाचा भाव आणखी पडे. ब्राझील देशानें २००२ सालीं जागतिक व्यापार संघटनेपुढें ह्याविरुद्ध फिर्याद नेली. निकाल ब्राझीलच्या बाजूनें लागला, आणि शेवटीं २०१४ सालीं अमेरिकेनें ३० कोटि डॉलर देऊन तो तंटा मिटविला. सारांश, मोकळ्या बाजाराचा उपदेश करणारा देश आपल्या शेतकऱ्यास त्या बाजाराच्या वाऱ्यावर सोडीत नाहीं. पण तेथेंही १९८० नंतरच्या दहा वर्षांत व्याजाच्या भारानें पुष्कळ लहान शेतकऱ्यांच्या शेतांचे लिलाव झाले. मदत मोठ्याच्या दारीं आधीं पोंचते, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच.

कोणी म्हणेल, परदेशच्या गोष्टी कशाला? व्यापारी लबाड असेल तर सरकारनेंच सर्व माल घ्यावा. हाही प्रयोग आमच्या महाराष्ट्रांत होऊन गेला आहे व घरांतील वडील माणसांस तो चांगला आठवत असेल. १९७१ सालीं कायदा झाला आणि १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्यांतला कापूस सरकारासच द्यावयाचा, दुसऱ्या कोणास विकावयाचा नाहीं. हेतु चांगला होता. हमीचा भाव मिळे, नफा झाला तर बोनसही मिळे, आणि कांहीं वर्षें कित्येक घरांत त्या पैशावर लग्नें झालीं, विहिरी झाल्या. हें विसरणें कृतघ्नपणाचें होईल. पण पुढें काय झालें? शेजारच्या राज्यांत भाव चढला कीं आमचा कापूस रात्रींतून सीमेपलीकडे जाई. आपलाच माल शेतकऱ्यास चोरासारखा न्यावा लागे. इकडचा भाव चढला कीं तिकडचा कापूस इकडे येई. केंद्रावर गाड्यांच्या रांगा, ग्रेडरच्या मर्जीवर प्रत, आणि चुकाऱ्याकरितां महिनोन्महिने वाट. तोटा फुगत गेला व २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यास पुन्हां दार उघडावें लागलें. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, २००६ सालीं, विदर्भांतील सहा जिल्ह्यांकरितां पंतप्रधानांस ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर करावी लागली. त्या सहांत आमचा बुलढाणा जिल्हा होता. कां होता, हें आम्हीं सांगावयास नको. त्या वर्षांत कर्ता पुरुष गमावलेलीं घरें आजही गांवोगांव आहेत.

तेव्हां व्यापाऱ्याचा कांटा पाहिला, सरकारचा कांटा पाहिला. तिसरा कांटा कोठें आहे काय? आहे. डेन्मार्क हा देश आमच्या महाराष्ट्रापेक्षां कितीतरी लहान. १८७० नंतर आगबोटींतून परदेशचा स्वस्त गहू युरोपांत उतरूं लागला, तेव्हां तेथील शेतकऱ्याचें धान्य मातीमोल झालें. त्यानें रडत न बसतां दुधाचा धंदा धरिला. आणि लोणी काढण्याचें यंत्र एखाद्या धनिकानें आणून बसवावें याची वाट न पाहतां, गांवानें मिळून तें आणलें. १८८२ सालीं येडिंग ह्या गांवीं पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली व दहा वर्षांच्या आंत अशा शेंकडों झाल्या. ज्याच्या घरीं दोन गाई त्यास एक मत, आणि ज्याच्या घरीं पन्नास त्यासही एकच मत, असा त्यांचा नियम होता. ह्याच्या मागें आणखी एक गोष्ट होती. ग्रुंटविग नांवाच्या पुरुषाच्या शिकवणीवरून १८४४ पासून तेथें शेतकऱ्यांच्या मुलांकरितां व पुढें मुलींकरितांही लोकशाळा निघत गेल्या. यंत्र पैशानें विकत आणतां येतें. हिशेब वाचून प्रश्न विचारणारा सभासद पैशानें आणतां येत नाहीं. तो शाळेंत घडवावा लागतो.

आमच्याकडेही हें झालें नाहीं असें नाहीं. गुजराथेंत आणंदास १९४६ सालीं त्रिभुवनदास पटेलांच्या पुढारपणाखालीं दूध-उत्पादकांनीं आपला संघ काढला. त्याच्या गांवोगांवच्या डेअरींत दूध घालणाऱ्या बाईचें माप तिच्यासमोर होतें, दुधाचा कस तिच्यासमोर लागतो. नगर जिल्ह्यांत प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटलांनीं खेडोपाडीं फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारख्या विद्वानानें साथ दिली, आणि १९५० सालीं शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा राहिला. परंतु सहकार म्हणजे कांहीं गंगास्नान नव्हे कीं एकदां बुडी मारली आणि पाप धुतलें गेलें. पुढें कित्येक ठिकाणीं सभासद वार्षिक सभेस जाईनासा झाला, अहवाल न वाचतां हात वर करूं लागला, आणि चेअरमनची खुर्ची बापाकडून लेंकाकडे पाटिलकीसारखी चालूं लागली. अनेक कारखाने आजारी पडले, कांहीं बंद झाले, कांहीं विकले गेले. कुंपणानेंच शेत खाल्लें, हें खरें. पण कुंपण राखावयास धनी रोज शेतावर गेला होता काय, हेंही विचारलें पाहिजे.

आतां पुन्हां लोणारच्या त्या थैलीकडे या. २०२४-२५ च्या हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये होता, आणि बाजारांत भाव त्याच्या पुष्कळ खालीं होता. सरकारी केंद्रावर न्यावें तर ओल बाराच्या वर नको, अशी अट होती. बराच माल व्यापाऱ्याच्या घरीं गेल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्यें ती पंधरापर्यंत सैल झाली. आपल्या देशास लागणाऱ्या खाण्याच्या तेलापैकीं निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येतें, त्यांत इंडोनेशिया व मलेशियाचें पामतेल पुष्कळ. त्या तेलावरची जकात सप्टेंबर २०२४ मध्यें दिल्लीनें चढविली आणि मे २०२५ मध्यें कच्च्या तेलावरची पुन्हां उतरविली. कापसाचेंही तेंच. २०२५ च्या जूनमध्यें शेतकऱ्यानें सरकी टोंवली तेव्हां परदेशी कापसावर शेंकडा ११ जकात होती. ऑगस्टच्या १९ तारखेस ती उठली व सालअखेरपर्यंत उठलेलीच ठेविली. पेरणी एका हिशेबानें, वेंचणी दुसऱ्या हिशेबानें!

म्हणजे आमच्या शेतकऱ्याच्या कपाळीं कोणती एक पद्धत आली आहे, असें म्हणतां येत नाहीं. जमीन त्याची स्वतःची, म्हणून तोटाही त्याचा स्वतःचा. भाव पडला कीं त्यास सांगतात, बाजार मोकळा आहे. भाव चढूं लागला कीं गिऱ्हाइकाचें नांव सांगून सरकार मध्यें येतें. प्रत्येक पद्धतींतलें लोणी दुसरीकडे गेलें आणि ताक तेवढें ह्याच्या वाटींत आलें. ह्याचें कारण त्यास अर्थशास्त्र कळत नाहीं हें नव्हे. जेथें मापें ठरतात व भाव ठरतात, तेथें तो हजर नसतो, हें कारण आहे.

मग करावयाचें काय? दिल्लीची जकात आम्हांस एका दिवसांत ठरवितां येणार नाहीं; त्यासाठीं मत मागावयास येणाऱ्या प्रत्येकास, पेरणीपूर्वीं ठरलेली जकात माल विकेपर्यंत फिरवूं नये ह्या मागणीचें उत्तर विचारावें, आणि उत्तर देणार नाहीं त्याच्या हारतुऱ्यास जाऊं नये. परंतु कांहीं गोष्टी गांवांतच होण्यासारख्या आहेत. ओल मोजण्याचें यंत्र आणि एक शिक्क्याचा तोलकांटा हीं दोन्हीं एका बैलजोडीच्या किंमतींत येतील, वर पैसेही उरतील. प्रत्येक गांवानें वर्गणी करून तीं घ्यावीं व ग्रामपंचायतींत नाहींतर शाळेंत ठेवावीं. माल गाडींत भरण्यापूर्वीं गांवांतच वजन करावें, ओल पाहावी, चिठ्ठी लिहावी. पुढें दुकानांत सोळा निघाली तर हातांतली चिठ्ठी बोलेल. कांट्यावर वजनमापें खात्याचा चालू सालचा शिक्का दाखवा, असें म्हणण्याचा प्रत्येकास हक्क आहे; तो लाजेखातर सोडूं नये.

दुसरें, सुगींत सर्वांनीं एकाच आठवड्यांत माल ओतला कीं भाव बसतोच. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० च्या सुमारापासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामांत माल ठेविला असतां किंमतीच्या शेंकडा ७५ पर्यंत रक्कम, दरसाल शेंकडा ६ व्याजानें, सहा महिन्यांकरितां मिळूं शकते. सावकाराच्या व्याजाशीं ताडून पाहा. आपली समिती ही योजना चालवीत नसेल तर कां चालवीत नाहीं, हें दहा जणांनीं मिळून लेखी विचारावें. तिसरें, २००२ च्या कायद्यानें शेतकऱ्यांस आपली उत्पादक कंपनी काढतां येते व तिच्यांतही सभासदास एकच मत असतें. कंपनी काढणें सोपें आहे. सभेस जाणें, जमाखर्च मागणें आणि पटला नाहीं तर उभें राहून बोलणें अवघड आहे. तेथेंच आमची परीक्षा आहे. त्या सभेस मुलांबरोबर मुलींसही पाठवावें. आज पुष्कळ घरांत हिशेबाला मुलगीच अधिक चोख असते.

आणि शेवटीं ती बलुत्याची पायली. दिवाळीच्या मागेंपुढें आमच्या शेतांत बाया कापूस वेंचितात व त्यांस किलोवर मजुरी मिळते. सायंकाळीं बांधावर कांटा लागतो, तेव्हां तो कोणाच्या हातीं असतो? आमच्या. त्या वेळीं दोन किलो ओल म्हणून व एक किलो गठोड्याचें म्हणून आम्ही वजा करतों कीं नाहीं? ज्या बाईचें वजन आम्ही अंधारांत घाईनें करतों, तिच्या मनांत आमच्याविषयीं तेंच येतें जें दुकानाच्या पायरीवर आमच्या मनांत व्यापाऱ्याविषयीं येतें. आमचा कांटा आम्हांस दिसावा असें वाटत असेल, तर आधीं तिचा कांटा तिला दिसला पाहिजे. गांवाचा जो शिक्क्याचा कांटा आम्हीं वर सुचविला, त्याच्यावर पहिलें वजन त्या बायांच्या कापसाचें व्हावें.

लोणारच्या त्या दोन तरुणांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, बाळांनो, वाद अवश्य करा, पुस्तकें अवश्य वाचा. पण पुढच्या खेपेस वाद संपल्यावर त्या आजोबांची थैली उचलून त्यांच्याबरोबर दुकानापर्यंत जा, आणि यंत्रावरचा आंकडा आपल्या डोळ्यांनीं वाचा. तुम्हांस वाचतां येतें. आजोबांच्या वेळीं तें वाचणारें कोणी नव्हतें.